चाळीस घरांत बसलेला विश्वास

माणूस असणे ही एक बाब आणि माणूस असल्याची नोंद असणे ही दुसरी. पहिली देवाच्या अखत्यारीत येते, त्यामुळे तिच्यात फार गोंधळ असतो. दुसरी कार्यालयाच्या अखत्यारीत येते.

१९७४ साली नागपुरात इतवारीमधल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर 'हातमाग सूत वितरण व ओळख पडताळणी कार्यालय' होते. विणकराला कार्डावर सूत मिळे. कार्ड खऱ्याच विणकराला मिळावे म्हणून वरून हुकूम आला की, कोणाच्या सहीवर किती विश्वास ठेवावा याची एक वही तयार करावी. आणि ती पुढेमागे मुंबईच्या गणकयंत्रात घालायची असल्याने प्रत्येक माणूस एका ओळीच्या बरोब्बर चाळीस घरांत बसवावा. (माणूस मोठा निघाल्यास तोडावा.)

हे काम हेडक्लार्क महादेवराव धकाते यांच्याकडे आले आणि गड्याचे नशीब उघडले. तीस वर्षे दुसऱ्यांनी आखलेल्या रकान्यांत दुसऱ्यांची नावे भरलेला माणूस तो! आता रकाने त्याचे. तीन महिने त्यांना जेवण गोड लागेना, बायकोशी बोलतानाही ते मोजूनमापून बोलत.

वही मात्र झाली अशी की बघत राहावे. पहिली ओळ वहीने स्वतःबद्दलच लिहिलेली: आपण कितवी आवृत्ती, किती अर्धवट विश्वासाच्या सह्या मिळून एक पूर्ण (तीन), ओळखीची साखळी किती लांब चालेल (चार माणसे, त्यापुढे ती अफवा समजावी). त्याखाली माणसे. तेराव्या घरात 'ओळख', म्हणजे हा तोच आहे का. चौदाव्यात 'विश्वास', म्हणजे हा दुसऱ्याबद्दल सांगेल ते खरे धरावे का. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे महादेवरावांना मेहुण्यामुळे ठाऊक होते. मेहुणा तेरात पक्का, चौदात शून्य.

मयताची ओळ खोडायची नाही, त्यात पुढच्या मयताच्या ओळीचा क्रमांक टाकायचा. नवा अर्जदार आला की कारकुनाने अगदी वरच्या मयताची ओळ त्याला द्यायची आणि त्याच्यामागचा मयत वर सरकवायचा. एवढी रांग त्या मंडळींनी हयातीत रेशनच्या दुकानासमोरसुद्धा लावली नव्हती.

कार्यालयाच्या साहेबांच्या चौदाव्या घरात 'अंतिम' असे होते. (ते साहेबांनी स्वतः भरले.) महादेवरावांना साहेबांनी 'अर्धवट' दिले. शेवटी एक साधेसे कलम होते: खोट्या माणसासाठी सही करणाऱ्याचा विश्वास शून्य करून त्याच्यावर चौकशी लावावी.

या कलमाने विणकरांच्या तांडापेठेत चमत्कार केला. पाहणीअंती असे दिसले की शेजाऱ्याला ओळखणारे शंभरात शंभर, आणि तसे सही करून सांगणारे शंभरात चार. (चौघांपैकी दोघांना वाटले होते की कागद लग्नाच्या वर्गणीचा आहे.)

अशात तुळसाबाई आल्या. नवरा वारला, तो नियमाप्रमाणे मयतांच्या रांगेत गेला आणि कार्ड बंद झाले. माग पन्नास वर्षे दोघे मिळून चालवत. आता बाईच्या हातात कसब होते आणि मागावर सूत नव्हते. नव्या ओळीसाठी एक पूर्ण सही हवी, नाहीतर तीन अर्धवट.

"काहून गा महादेव, मले ओळखत नाही काय तू?"

"ओळखतो ना मावशी."

"लहानपणी माह्या मागाच्या खड्ड्यात पडला होता. कोन काढलं तुले?"

"तुम्हीच काढलं जी."

"मंग लिही ना तसं!"

"मी ओळखून काय फायदा मावशी? वही ओळखत नाही."

महादेवरावांनी पेनाचे टोपण काढले. निवृत्तीला चौदा महिने होते. उद्या कोणी तक्रार केली, साहेब बदलले, बाईच्या नावातले एखादे अक्षर चुकले, तर चौकशी. त्यांनी टोपण परत लावले. लाज वाटली, खरीच वाटली. पण तिच्यासाठी चाळीसांत घर नव्हते. मावशी आठवडाभर तांडापेठेत दारोदार फिरल्या. सगळ्यांनी चहा पाजला.

इकडे बाबनराव नावाच्या गृहस्थाने वहीचे सोने केले होते. साहेबांनी त्याला 'पूर्ण' दिलेले. त्याने पारशिवनीकडचे अडतीस विणकर आणले, म्हणजे त्यांचे अर्ज आणले. अडतीसही एकमेकांना ओळखत, एकमेकांसाठी सह्या करत, कधी भांडत नसत, मरत नसत. सगळ्यांच्या सह्या उजवीकडे सारख्याच कलत. महादेवरावांना कळत नव्हते असे नाही, पण अक्षराच्या वळणासाठीही वहीत घर नव्हते. साहेबांनी शेरा मारला: 'आदर्श समूह'. अडतीसांनाही 'अर्धवट' मिळाले.

जिन्यात रडत बसलेल्या तुळसाबाई बाबनरावाला दिसल्या.

"तीन सह्या पायजेत ना मावशी? एवढंच? अर्धं सूत माह्याकडं देत जा दर महिन्याले."

दुपारी तीन सह्या आल्या. वहीने हिशेब केला: तीन अर्धवट, एक पूर्ण. अशा रीतीने तुळसाबाई या खऱ्या बाई आहेत असे तीन नसलेल्या माणसांनी शपथेवर सांगितले आणि त्या अधिकृतपणे अस्तित्वात आल्या.

महिन्याभराने त्या पुन्हा माडी चढून आल्या. पिशवीत तीन पंचे, नवे, स्वतः विणलेले.

"महादेव, त्या तिघायचे पत्ते सांग गा. गल्लीनं सही नाही देल्ली, तू नाही देल्ली. त्यायनं मले पाह्यलंही नाही, अन् देल्ली. देवमानसं हायेत रे."

महादेवरावांनी वही उघडली, मिटली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गावी गेले मावशी."

वाचकहो, तुम्ही आता बाबनरावावर चिडला असाल, महादेवरावांना हसत असाल. हसा. एवढेच सांगा, तुमच्या शेजारची बाई उद्या कागद घेऊन दारात आली, तर तुम्ही आधी चहा ठेवाल की पेन शोधाल?