एकशे चौदा शुद्धिपत्रकं

रविवारी सकाळी अण्णा दाढी करत असताना त्यांच्या कॉम्प्युटरने परस्पर एकशे चौदा लोकांना पत्र पाठवलं. 'खूप दिवस झाले. तुमची आठवण येते. सोबतचं उघडून पाहा.' सून रुग्णालयाच्या संगणक विभागात कामाला होती. तिने आधी इंटरनेटची वायर उपटली, मग सांगितलं की मशीनमध्ये वर्म नावाचा किडा शिरलाय. तो यादीतल्या प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवतो आणि जो उघडेल त्याचंही मशीन बंद पाडतो.

दुपारपर्यंत तिने तो हुडकून काढला, पुसून टाकला आणि वायर पुन्हा जोडली. प्रकरण तिथेच मिटायचं, पण अण्णांची तेहतीस वर्षं नोंदणी कार्यालयात गेलेली. चुकीचा कागद बाहेर पडला की मागोमाग शुद्धिपत्रक गेलंच पाहिजे, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. सून जेवायला बसली तेवढ्यात त्यांनी ते सर्वांना रवाना केलं: 'सकाळच्या पत्रातील "तुमची आठवण येते" हा मजकूर रद्द समजावा.'

मग फोन सुरू झाले. विहीणबाईंनी रडवेल्या आवाजात मुलीला विचारलं, आमचं काही चुकलं का. दातांच्या डॉक्टरांनी कळवलं, की आठवण येत नसली तरी दात दाखवायला या. जुन्या साहेबांनी तर कारणं मागितली.

अण्णांचं कशातच लक्ष नव्हतं. यादीत सत्त्याऐंशीव्या क्रमांकावर धाकटा भाऊ होता. वडिलांचं टेबल कोणी ठेवायचं यावरून दोघांचं बिनसलं, त्याला सात वर्षं झाली होती. पत्ता अण्णांनी जपून ठेवला होता, पत्र मात्र एकही नाही.

"मला सात वर्षांत जे लिहवलं नाही, ते त्या मेल्या किड्याने लिहिलं," ते सुनेला म्हणाले. "आणि मी ते रद्द केलं." त्यांचे डोळे भरून आले होते.

सोमवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात धाकटा भाऊ उभा, काखेत चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर.

"तुझं पत्र उघडलं आणि हे जे बंद पडलं, ते पडलंच," तो म्हणाला. "कालपासून एक अक्षर वाचता आलं नाही. पण आठवण येते म्हणालास, म्हणून स्वतःच घेऊन आलो."

अण्णांनी त्याला हाताला धरून आत नेलं. सुनेने मशीन टेबलावर मांडलं, वायरी जोडल्या आणि उत्साहाने बाह्या सरसावल्या.

"काका, तासाभरात साफ करून देते. कालपासूनची अडकलेली पत्रंही सगळी दिसतील."

अण्णांनी घाईघाईने पुढे होऊन प्लग काढला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "किडा काय, असेना का दोन-चार दिवस आत."

"आणि तोवर मी मशीनशिवाय घरी बसून काय करू?" भावाने विचारलं.

"घरी कशाला? इथेच राहा," अण्णा म्हणाले.