अण्णांचा आशीर्वाद आणि डावं टायर

स्प्रिंगा कापून खाली बसवल्यापासून आमची गाडी मोठ्या माणसांना वाकून नमस्कार करते, आणि त्यापायी तिचं पुढचं डावं टायर मडगार्डला घासायला लागलं. नमस्काराबद्दल माझी तक्रार नव्हती. समोर साठीच्या पुढचं माणूस आलं की बॉनेट खाली जायचं, माणूस "असू दे, असू दे" म्हणायचं, बॉनेट वर यायचं. इचलकरंजीत याचं कुणाला काही वाटत नाही. पण ते घासणं! माझ्याच दातात खडा आल्यासारखं व्हायचं.

गाडी मुळात अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांनी ती मला दिली आणि मी त्यांना न विचारता स्प्रिंगा कापल्या. तेव्हापासून अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर बसलेला असलो तरी माझ्या बायकोला सांगतात, "स्नेहल, पंख्याखाली कोण बसलंय त्याला सरकायला सांग." मी सरकतो. जीव तुटतो, पण सरकतो.

शेवटी गाडी मुजावरभाईंच्या गॅरेजात नेली. हे गृहस्थ गाडी बघायच्या आधी मालकाला झाडतात.

"ह्या स्प्रिंगा कापल्या कुणी? न्हाव्यानं?"

"तुम्हीच कापल्यात, भाई."

"मग बरोबर कापल्यात."

त्यांनी टायरला खडू फासला. गाडी रिकामी चालवली, खडू पुसला गेला. माणसं भरून चालवली, तरी पुसला. स्टेअरिंग पूर्ण वळवून, सरळ ठेवून, गतिरोधकावरून, सपाटीवरून, सगळीकडं तेच.

"वजनाचा दोष असता तर रिकामी घासली नसती," मुजावरभाई म्हणाले. "वळणाचा असता तर सरळ घासली नसती. थांबा."

रस्त्यानं एक आजोबा भाजी घेऊन चालले होते. त्यांना बोलावून भाईंनी बॉनेटसमोर उभं केलं. गाडी वाकली. आजोबा म्हणाले, "सुखी राहा," आणि निघून गेले. गाडीची उजवी बाजू झटकन वर आली. डावी दोन बोटं खालीच राहिली.

"सापडलं," भाई म्हणाले. "एक नमस्कार अडकलाय. आशीर्वाद मिळाल्याशिवाय गाडी उठत नसती. घरी फाटकाच्या डाव्या अंगाला कोण असतं?"

तिथं जास्वंद आहे. रोज सकाळी अण्णा फुलं काढतात, गाडी त्यांना वाकते, आणि ते तोंड फिरवतात.

"भाई, तुम्हीच देऊन टाका की आशीर्वाद."

"माझा चालत न्हाई. ज्याचा त्यानंच द्यायचा. आणि लवकर बघा. टायर फुटलं तर मला बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी फाटकाशी आणली. ती वाकली. अण्णांनी तोंड फिरवलं. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "अण्णा, राग माझ्यावर आहे ना? मग तिला कशाला शिक्षा?" असं म्हणून मीही गाडीशेजारी वाकलो.

अण्णांनी परडी खाली ठेवली. बॉनेटवर हात ठेवला.

"ऊठ गं. तुझी काय चूक? औक्षवंत हो."

गाडी उठली. टायर आणि मडगार्ड यांच्यात चांगली चार बोटं फट पडली. अण्णांनी डोळे पुसले आणि दारात उभ्या स्नेहलकडं चावी मागितली.

मी अजून वाकलेलाच आहे. मुजावरभाई घरी येऊन बघून गेले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "पार्ट सगळे चांगले आहेत. वाट बघा." स्नेहल मला खालीच ताट आणून देते. आमच्या दुकानात जातो, तिथंही लोकांना अडचण नाही, गल्ला तसा खालीच आहे.

इथून मला अण्णांचे फक्त पाय दिसतात. डावी टाच पार फुटलीये. चालताना त्यांना दुखत असणार, आणि एवढ्या वर्षांत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आज ते जास्वंदीपाशी उभे असताना मी त्या टाचेला खोबरेल लावलं. मग हळूच त्यांनी दुसरा पाय पुढं केला.