नावाचा रियाज

आमची मुलगी विनी हिला स्वतःचं नाव सांगता येत नाही, ही बाब ती नववीत गेल्यावर आमच्या निदर्शनास आली. तोपर्यंत ओहायोतल्या डेटन गावात आमचं बरं चाललं होतं. मी घरांच्या छपरांना पन्हळी बसवायचो, बायको रोवीना दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि विनी गाडीच्या मागच्या सीटवर बसून गात असायची. कॉलेजात जाऊन संगीत नाटक शिकायचं, एवढी एकच तिची इच्छा. मुलगी गाते, नाचते, मग अडचण कसली, असं आम्हाला वाटायचं. अडाणी माणसाला असंच वाटतं.

एका रविवारी चर्चबाहेर शेजारीणबाईंनी विचारलं, "अजून नावाची शिकवणी लावली नाहीत?" मुलीला एकही लस टोचलेली नाही असं कळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांच्याकडूनच कळलं की कॉलेजं आधी व्हिडिओ मागवतात आणि त्याच्या सुरुवातीला उमेदवारानं कॅमेऱ्याकडे बघून आपलं नाव सांगायचं असतं.

"आणि गाणं?" मी विचारलं.

"ते नंतर. पण नावातच निकाल लागतो हो. गाणं ऐकायला वेळ कुणाला आहे?"

अशा रीतीनं आमच्या आयुष्यात पेट्राबाई आल्या. त्यांच्या दारावर 'सहजता प्रशिक्षक' अशी पाटी होती.

"नाव सांग," त्या विनीला म्हणाल्या.

"विनी ब्रॉडबेक."

पेट्राबाईंनी डोळे मिटले. "कोण?"

"मी. विनी."

"मला नाही पटलं."

"अहो, पण ती विनीच आहे," मी म्हणालो. "मी बाप आहे तिचा."

"तेच तर! घरच्यांना सवय झालेली असते. तिऱ्हाइताला पटायला हवं."

मग रीतसर अभ्यास सुरू झाला. 'विनी' पोटातून यावं, 'ब्रॉडबेक' मनापासून यावं आणि दोहोंच्या मध्ये एक हसू यावं. ते हसू ठरवलेलं वाटता कामा नये, म्हणून ते रोज आरशासमोर ठरवून करायचं. घरच्यांनाही सूचना मिळाल्या. जेवायला हाक मारतानासुद्धा जुन्या पद्धतीनं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर पोरीची घडी विस्कटते. त्यामुळे रोवीना चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचं, पातेलं हातात धरून पोटातून हाक मारायची आणि ती जमेपर्यंत चिली गार व्हायची. गाडीतलं गाणं पेट्राबाईंनी बंद करायला लावलं. विनाकारण गायल्यानं सहजता खर्ची पडते, असं त्यांचं मत होतं. विनी दोन-चार दिवस रडली. मग नाव घोकायला लागली.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिनं आजीला फोन केला. "हॅलो, मी विनी ब्रॉडबेक!"

"नको गं बाई, आमच्याकडे आहे," असं म्हणून आजीनं फोन ठेवून दिला.

पेट्राबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. "म्हणजे आता व्यावसायिक वाटायला लागलीस!"

व्हिडिओ कसाबसा पास झाला आणि बारावीच्या हिवाळ्यात आम्ही प्रत्यक्ष परीक्षेसाठी शिकागोला गेलो. तिथे एकाच हॉटेलात अनेक कॉलेजांच्या परीक्षा होत्या. मजलाभर मुली भिंतीकडे तोंड करून स्वतःला आपापली नावं सांगत उभ्या होत्या. विनीच्या मागचा नंबर मिनेसोटाच्या एका मुलीचा होता. सकाळपासून ती आमच्या कानाशी 'टेस हॅलवरसन, टेस हॅलवरसन' असा जप करत होती. विनीला जे कॉलेज हवं होतं, नेमकं त्याच्याच दाराशी आम्ही उभे होतो. ती आत गेली आणि थोड्या वेळानं पांढरीफटक होऊन बाहेर आली.

"बाबा, मी टेस हॅलवरसन म्हणाले."

माझ्या तोंडून भलताच प्रश्न गेला. "कसं म्हणालीस?"

"पोटातून."

"आणि ते परीक्षक?"

"एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं."

मग टेस आत गेली आणि लगेच हुंदके देत परत आली. तिला म्हणे सांगण्यात आलं की हे नाव आत्ताच होऊन गेलं, आणि आधीची मुलगी कितीतरी खरी वाटली.

वसंतात पत्र आलं, 'प्रिय टेस, अभिनंदन.' मी कॉलेजच्या कार्यालयात फोन लावला.

"आमच्या दृष्टीनं टेस तीच," तिथल्या बाई अत्यंत नम्रपणे म्हणाल्या. "विनी ब्रॉडबेक नावाची व्यक्ती आमच्यासमोर हजरच झालेली नाही."

"मग खऱ्या टेसनं काय करायचं?"

"पुढच्या वर्षी यावं. दुसरं नाव तयार करून."

मला त्या पोरीची दया आली. रोवीना तर म्हणाली, "आपण चोरी केलीय, वेंडेल." पण मिळालेली जागा सोडायला मन धजेना. पेट्राबाईंनी समजूत घातली, "मी म्हणतच होते, पोरीत गुण आहेत, तिचं नावच आडवं येत होतं." हल्ली टेस त्यांच्याकडे ऑनलाइन शिकते. 'विनी ब्रॉडबेक' बसवतेय. ते नाव नाहीतरी रिकामंच पडलं होतं.

परवा आमच्या मुलीचा कॉलेजातून फोन आला. "बाबा, मी."

बस, एवढंच. नाव नाही, मधलं हसू नाही. मागे नळ वाहत होता आणि भांडी विसळता विसळता ती गुणगुणत होती, तेच गाडीतलं गाणं. इतक्या वर्षांत तिचं इतकं खरं बोलणं मी ऐकलं नव्हतं. हे तिला सांगायलाच हवं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "छान. पण अजून पोटातून येत नाही."

पलीकडचं गाणं थांबलं.

तुम्ही मला हसताय. हसा. पण आता जरा स्वतःचं नाव मोठ्यानं सांगा बघू.

अंहं. मला नाही पटलं. पुन्हा.