कडता कापून आमेन

शिमोन मामा दुसऱ्याच्या प्रार्थनेला कधी पुरं आमेन म्हणत नसे. औशाच्या अडतीत त्यानं जन्मभर मापाडी म्हणून काम केलं. पोत्यात माती, खडे दिसले की वजनातून तेवढा कडता कापायचा. तीच सवय देवाच्या कामात आली. प्रार्थना संपून सगळे आमेन म्हणाले की हा बसल्या जागेवरून सांगायचा, "अर्ध्याला आमेन. बाकीच्यात माती लई हाय."

एका लग्नात पाळकानं नवरा-नवरीला बारा लेकरं मागितली. मामा म्हणाला, "चारावर आमेन. पुढची तुमच्या जिम्म्यावर." नवरीचा बाप आठ दिवस त्याच्याशी बोलत नव्हता.

आम्ही दोघं शेजारी, पण मंडळ्या दोन. तो मिशनच्या दगडी चर्चचा, लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा झालेला. मी पत्र्याच्या शेडमधल्या मंडळीचा, तेरणा नदीत डोक्यासकट बुडून निघालेला.

"चार थेंबांनी अंगणातली धूळबी बसत न्हाई, मामा," मी म्हणायचो.

"मंग म्हशीलाबी घ्या की तुमच्या मंडळीत, दाविदा. ती रोज बुडती."

मी तिसरी शिकलेला माणूस, पण आपलं म्हणणं सोडत नसतो. तोबी सोडत नव्हता. त्यामुळं आमचं बरं चाललं होतं.

त्याची बायको मार्थामामी मात्र आमच्यासारखीच तेरणेत बुडालेली, आमच्या शेडमध्ये यायची. मामा तिला दारापर्यंत पोचवायचा आणि बाहेर लिंबाखाली बसायचा. ती वारली तेव्हा आमच्या पाळकानं मातीवर प्रार्थना केली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मामाचे ओठ हलले नाहीत. मला वाटलं, दुःखानं वाचा बसली असंल.

पुढं लातूर जिल्हा नवा झाला. कागदासाठी उस्मानाबादला जायची कटकट गेली, पण त्याच दिवसांत पाऊसही गेला. विहिरीत तळाचा गाळ राहिला. लातूरहून दोन दिवसाआड टँकर यायचा. तेव्हा दोन्ही मंडळ्यांनी मिळून विहिरीवर पावसाची प्रार्थना ठेवली. आमच्या पाळकानं पाऊस मागता मागता, जे पुरे बुडाले त्यांच्यासाठी आधी दे, असं मध्येच घातलं. मामा उठला. "पावसाला आमेन. बुडालेल्यांना कडता."

पाऊस आला नाही. गल्ली म्हणायला लागली, म्हाताऱ्याचं आमेन अडलं म्हणून पाऊस अडला. मीबी तेच म्हणत होतो. मोठ्यानं.

त्याच उन्हाळ्यात माझी बायको रूथ त्या गाळाच्या पाण्यानं आजारी पडली. सकाळपासून जुलाब, उलट्या. दुपारपर्यंत डोळे खोल गेले. गाडी मिळंना. रिकामा टँकर लातूरला परत निघाला होता. मामा रस्त्यात आडवा उभा राहिला. ड्रायव्हर ओरडला, "मरतो का, बुढ्ढ्या?"

"हिला घेतल्याशिवाय जायचं न्हाई."

रूथला पुढं बसवलं. आम्ही दोघं मागं शिडीला धरून गेलो.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, "उशीर केलात. बघू." रूथनं डोळे उघडले. "प्रार्थना करा," म्हणाली.

आमचा पाळक हदगावला गेलेला. मी कधी चार माणसांत प्रार्थना केली नव्हती, आणि मामाला 'तू कर' म्हणायला जीभ वळंना. आता हा कडता कापणार, हे धरूनच मी डोळे मिटले.

"देवा, हिला मी लई बोललो. तिला ताप होता तरी पाण्याला पाठवली. ती माझ्यापेक्षा शहाणी हाय, हे मी तिला कधी सांगितलं न्हाई. तिला ठेव. न्हाई ठेवलीस तर मी तुझ्याशी बोलणार न्हाई."

एवढंच. ना स्तुती, ना शेवट. वरून देवाला धमकी.

"आमेन," मामा म्हणाला. पुरं.

बाहेर व्हरांड्यात मी म्हटलं, "मामा, येशूच्या नावानं म्हणायचं राहिलं माझं."

"राहिलं ना. मी मनात घातलं."

"आणि कडता?"

त्यानं वाकून चपलेचा अंगठा नीट केला. मग म्हणाला, "मार्थाच्या वेळी कापला होता. तुमचा पाळक म्हणाला, ही बुडाली म्हणून तरली. मला राग आला. बाकी सगळं चांगलं बोलला होता तिच्याबद्दल. मी एका वाक्यासाठी सगळ्याला आमेन म्हटलं न्हाई. माझ्याच बायकोच्या मातीवर."

पाचव्या दिवशी रूथ घरी आली. तिला बाजेवर टेकवली, तेवढ्यात मामा धुतलेला सदरा घालून दारात. "दाविदा, चल."

"कुठं?"

"चल म्हणतो ना."

कबरस्तानात तो मार्थामामीच्या कबरीशी उभा राहिला. टोपी काढली. "तुमच्या पाळकाची ती प्रार्थना कर."

"मला ती कुठं येती?"

"जेवढी येती तेवढी कर. ते बुडाल्याचंबी घाल. तिला ते आवडलं असतं."

मी केली. पाळकाचं ऐकलेलं थोडं, माझं थोडं. मामीच्या हाताच्या आंबाडीच्या भाजीचंबी त्यात आलं. बुडाल्याचं वाक्य आलं तेव्हा मी थोडा थांबलो. मामानं डोळे न उघडता कोपरानं मला ढोसलं. मी म्हणून टाकलं.

मामा आमेन म्हणाला. मग टोपी घालून, माझ्यासाठी न थांबता, भराभर घराकडं चालायला लागला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये त्यानं आपल्याच पाळकाला पाव कडता कापला.