सात नंबरचा चेहरा दिसत नाही

एका जंगलात नदीकाठच्या वाळूत एक शाळा भरायची. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, त्यामुळे पावसात गळायचंही काही नव्हतं. पोरं सात आणि बाई एक. बाई म्हणजे टिटवीबाई. पाय काटकुळे, आवाज खणखणीत. वाळूत नखाने अक्षर काढायच्या आणि पोरांकडून ते गिरवून घ्यायच्या. मुंगसाची जुळी मध्येच एकमेकांना बोचकारायची, सायाळीचा पोरगा 'ग' काढता काढता झोपायचा. पण चाललं होतं, बाळांनो. हळू, पण चाललं होतं.

हजेरीत सातवं नाव रंगूचं. रंगू भेकराची पोर. भेकर म्हणजे ते कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. शाळेत नाव घालायला तिची आई आली, तेव्हा बाईंनी बसा म्हटलं तरी ती बसली नाही.

"बाई, हिला मोठं काही शिकवू नका," भेकरीण म्हणाली. "एक पाटी वाचता आली तरी पुष्कळ झालं. हिच्या बापाला तेवढंही येत नव्हतं."

झालं होतं असं. जांभळीच्या वाटेवर एका शिकाऱ्याने खड्डा खणून वर काटक्या आणि पाला पसरला होता. तो कुणी बुजवायचा यावर जंगल खात्याच्या तीन बैठका झाल्या आणि शेवटी पाटी लावायचं ठरलं. 'पुढे खड्डा आहे.' रंगूचा बाप त्या पाटीपाशी आला. तिच्यावर त्याने शिंगं घासली, अंग खाजवून घेतलं आणि पुढे गेला. शिकारी दर शनिवारी खड्डा बघायला यायचा. रविवारी त्याचा बाजार असायचा ना.

"रंगूला वाचता येईल," टिटवीबाई म्हणाल्या. "माझा शब्द आहे."

आणि खरंच यायला लागलं. रंगू मान खाली घालायची, नाक पुस्तकाला टेकवायची आणि एकेक अक्षर फोडत बसायची. आजूबाजूला जुळी कुस्ती खेळोत नाहीतर आभाळ कोसळो. बाईंना तिच्याकडे बघून भरून यायचं.

मग जंगलात मोबाइल आले. मोबाइलच्या पाठोपाठ सरडेसाहेब आले.

सरडेसाहेब वरचे अधिकारी. त्यांची मान सारखी हलायची. ते हो म्हणताहेत की ती नुसती सवय आहे, हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

"बाई, पोरं वाचतात का?"

"वाचतात की, साहेब. ही रंगू बघा, ऐका जरा..."

"मी ऐकून काय उपयोग? वर काय पाठवू, माझे कान? फोटो पाठवा. रोज, बारा वाजायच्या आत. वाचणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. पुस्तकाचं मुखपृष्ठही."

बाईंनी गळ्यात मोबाइल अडकवला आणि पहिला फोटो काढला. रेंज फक्त टेकडीवर, म्हणून तिथे उडत गेल्या आणि तो पाठवला. लगेच उत्तर आलं: 'विद्यार्थी क्रमांक सातचा चेहरा दिसत नाही. पुन्हा पाठवा.'

दिसणार कसा? सहाजण मोबाइलकडे बघत होते. सातवी वाचत होती.

"रंगू, वर बघ गं," बाई म्हणाल्या.

रंगूने वर बघितलं. बाईंनी फोटो काढला. तिने परत मान खाली घातली, तर ओळ हरवली होती.

आता रोजचं हेच झालं. सकाळी उंच पोरं मागे, बुटकी पुढे. सायाळीच्या पोराचे काटे कुणाच्या तोंडावर येतात म्हणून त्याला कडेला. मग "रंगू, वर बघ." मग टेकडी. टेकडीवरून खाली येईतो जेवणाची सुट्टी. जेवल्यावर वाचायचं म्हटलं तर पोरं पेंगायची, आणि खरं सांगायचं तर बाईही पेंगायच्या.

पळस फुलला तोवर पोरं तयार झाली. 'वाचा' म्हटलं की सातही जणं पुस्तक हनुवटीखाली धरायची, समोर बघायची आणि हसायची. रंगूसुद्धा. शाळेला 'शंभर टक्के वाचन' असं प्रमाणपत्र मिळालं. त्यावर रंगूचा चेहरा चांगला ठसठशीत आला होता. भेकरणीने ते प्रमाणपत्र डोळ्यांना लावलं.

"वाचते हो माझी पोर," ती म्हणाली.

खरं काय ते टिटवीबाईंना ठाऊक होतं. पण दुसऱ्या दिवशी फोटो होताच.

मग 'पाटी वाचन सप्ताह' आला. प्रत्येक शाळेने जंगलातल्या खऱ्याखुऱ्या पाटीपाशी जायचं आणि ती वाचतानाचा फोटो पाठवायचा. अक्षरं शाबूत असलेली पाटी जंगलात एकच उरली होती. सोमवारी टिटवीबाई पोरांना घेऊन जांभळीच्या वाटेवर गेल्या. हौसेने भेकरीणही आली.

"पाटीच्या पुढे कुणी जायचं नाही," बाईंनी निघताना दहादा बजावलं होतं. खड्डा त्यांना ठाऊक होता. पाटी त्यांना पाठ होती.

"हं, वाचा," बाई म्हणाल्या.

सातही पोरं पाटीकडे पाठ करून हसली.

फक्त रंगूने, काय वाटलं कोण जाणे, मान मागे वळवली. "पु... ढे... ख..."

"रंगू, वर बघ! इकडे!"

रंगूने इकडे बघितलं. बाईंच्या मोबाइलमध्ये जुळ्यांचे पाय कापले जात होते. "सगळे जरा मागे सरा. अजून थोडं. रंगू, तू पाटीच्या बाजूला हो, अक्षरं झाकली जाताहेत. अजून मागे..."

फोटो छान आला. काटक्या मोडल्याचा आवाज झाला तो त्याच क्षणी.

बाई किंचाळत टेकडीवर गेल्या आणि त्यांनी हत्तीदादांना फोन लावला. एवढ्या खोल खड्ड्यातून ओढून काढणारं दुसरं होतं कोण? पण हत्तीदादा आपत्ती निवारणाच्या प्रशिक्षणाला गेले होते. पाच दिवसांचं निवासी शिबिर, मध्ये सोडता येत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी सुटणार, म्हणजे शनिवारी पहाटे पोचणार. शिकारीही शनिवारीच यायचा. तेवढ्यात रेंज मिळाल्यामुळे फोटो आपोआप गेला आणि उत्तरही आलं: 'विद्यार्थी क्रमांक सात दिसत नाही. पुन्हा पाठवा.'

बाई परत आल्या. भेकरीण खड्ड्याच्या काठावर उभी होती.

"बाई, तुम्ही शब्द दिला होता," ती एवढंच म्हणाली.

टिटवीबाईंनी गळ्यातला मोबाइल काढला, पाटीच्या कोपऱ्याला टांगला आणि त्या खड्ड्यात उतरल्या. रंगूला खरचटलं होतं, बाकी धड होती. भेकरीण वरून पाला टाकायची. बाईंनी खड्ड्याच्या ओल्या मातीत नखाने अक्षर काढलं. खाली रेंज नव्हती आणि समोर बघून हसावं असं कुणी नव्हतं. रंगूने मान खाली घातली.

मंगळवारी एक भिंत भरली. गुरुवारी चारही भरल्या. शुक्रवारी बाईंनी जुनी अक्षरं पुसून त्यावर नवी काढली. पोरगी थांबायलाच तयार नव्हती.

शनिवारी उजाडताना हत्तीदादा आले. शिबिराचं प्रमाणपत्र गळ्यात तसंच होतं. त्यांनी सोंड खाली सोडली आणि रंगूला वर घेतलं. मग जाता जाता पायाने माती लोटून खड्डा बुजवून टाकला. त्याला बैठक लागली नाही.

रंगू लंगडत पाटीपाशी गेली. मान वाकडी करून तिने वाचलं. "पुढे खड्डा आहे."

मग आईकडे वळली. "आई, बाबांना एवढंच वाचायचं होतं?"

"एवढंच गं," भेकरीण म्हणाली आणि खाली बसून रडली.

आता ही बातमी वर गेल्याशिवाय राहते का? सरडेसाहेबांनी ऐकली, मान हलवली आणि आठवड्यात आदेश काढला. 'खड्ड्यात मूल पाच दिवसांत वाचू लागते असे दिसून आले आहे. तरी प्रत्येक शाळेने एक शैक्षणिक खड्डा खणावा. विद्यार्थी खड्ड्यात असतानाचा फोटो रोज बारापूर्वी पाठवावा. चेहरा स्पष्ट दिसावा.'

टिटवीबाईंनी आदेश मान खाली घालून दोनदा वाचला. मग शाळेमागे खड्डा खणून घेतला. चांगला खोल. रोज सकाळी सातही पोरं घेऊन त्या खाली उतरतात आणि दुपारी वर येऊन टेकडीवरून कळवतात, 'खड्ड्यात रेंज नसल्याने फोटो बाराच्या आत पाठवता आला नाही.'

सरडेसाहेबांनी त्यावर टॉवरचा प्रस्ताव वर पाठवला. तो चटकन मंजूर झाला. टॉवरचं लोखंड शाळेपाशी येऊन पडलंसुद्धा आहे. खाली रंगू सायाळीच्या पोराला जोडाक्षरं शिकवते आहे. घाई करते आहे बिचारी.

तात्पर्य : पाटी वाचता आली की खड्डा चुकतो, असं आमच्या लहानपणी शिकवत. ते सोडून द्या. आधी खड्ड्यात पडावं, निवांत वाचायला आता तेवढीच जागा उरली आहे. फक्त टॉवर लागायच्या आत पडावं.