आवाज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर

माझ्या हाताने बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजाचा नॉब जरा खरखरायचा, एवढंच झालं होतं. दुसऱ्या कुणी त्यात दोन थेंब तेल सोडून विषय संपवला असता. मी त्या जागी ट्रान्सफॉर्मर बसवायचं ठरवलं.

(अ‍ॅम्प्लिफायर हातानेच का बनवायचा, हा प्रश्न माझी बायको नयना दर दिवाळीच्या साफसफाईला विचारते. तो सोडून देऊ.)

ही कल्पना हेरंबची. इथे गुजरातेत, बाजव्याला एका कारखान्याच्या खरेदी विभागात आम्ही शेजारी शेजारी बसतो. मी टाचण्या मागवतो, तो पंखे. उरलेल्या वेळात आम्ही ध्वनिशास्त्रावर बोलतो.

"सदानंद, तू नॉब फिरवून आवाज कमी करतोस म्हणजे काय करतोस, माहितीये?" हेरंब म्हणाला. "अर्धं संगीत जाळून टाकतोस! त्याची नुसती उष्णता होते. ट्रान्सफॉर्मरमध्ये काही जळत नाही. नुसता गिअर बदलायचा. अगदी कुजबुजीएवढं हळू लाव, तरी बासरी ती बासरीच."

आजवर मी किती बासऱ्या जाळल्या असतील या विचाराने मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

हेरंबने लोखंडी पट्ट्यांचा गाभा दिला. त्यावर केसासारखी तांब्याची तार गुंडाळायची, मधूनमधून तिचे फाटे बाहेर काढायचे आणि नॉबला जोडायचे. की झाला आवाजाचा गिअर. तार पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या करजणच्या एका दुकानदाराकडे मिळाली. "कया पंपनुं छे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "बासरीचं." त्याने तार मुकाट्याने दिली आणि मी दुकानाच्या पायऱ्या नीट उतरेपर्यंत तो माझ्याकडे बघत राहिला.

तार गुंडाळायला मी नयनाचं शिलाई मशीन घेतलं. बॉबिन भरायची जागा या कामासाठीच केलेली असावी इतकी चपखल. फक्त वेढे मोजायचे होते. मी अगदी तल्लीन होऊन मोजत होतो, तेवढ्यात नयना स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, श्रीखंडात वेलदोडे किती घालू?"

"सातशे बेचाळीस!" मी म्हणालो.

आणि आकडा विसरलो. (श्रीखंड वाचलं, हे नशीब.)

श्रीखंडाचं कारण महत्त्वाचं होतं. आमची अवंती आणि तिच्या ऑफिसातला केयूर यांनी एकमेकांना पसंत केलं होतं, आणि रविवारी केयूरचे आईवडील, इलाबेन आणि नवनीतभाई, आमच्या वासणा भागातल्या फ्लॅटवर पहिल्यांदाच येणार होते. नवनीतभाई स्वभावाने गरीब. होकार-नकार सगळा इलाबेनच्या हातात, आणि त्यांनी अजून दोन्हीपैकी काहीच केलं नव्हतं.

"बाबा," अवंतीने मला बजावलं, "इलाआंटींना मोठा आवाज बिलकूल चालत नाही. लगेच डोकं चढतं त्यांचं. तुमचं ते खोकं बंदच ठेवा."

"अगं, त्यासाठीच तर ट्रान्सफॉर्मर!" मी हर्षभराने ओरडलो. "हळू आवाजातच त्याची खरी मजा!"

अवंतीने आईकडे पाहिलं. आईने देवाकडे पाहिलं.

जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी प्रतापराव भेटले. आनंद पोटात मावेना, म्हणून त्यांनाही सांगितलं, "घरात ट्रान्सफॉर्मर बसवतोय!"

"घरात?" प्रतापराव दोन पायऱ्या मागे सरकले. "कुणाची परवानगी घेतलीत? त्यातनं तेल गळतं! माकडं चिकटतात!"

"अहो, हा पेरूएवढाच आहे."

"आज पेरूएवढा आहे. उद्या?"

रविवारी दुपारी सोल्डरिंगचे शेवटचे दोन डाग मारायचे राहिले होते. एक तार आत जाणारी, एक बाहेर येणारी. हिरवी तार संपली होती, म्हणून दोन्ही लाल घेतल्या. कुठली कुठे हे मी डोक्यात ठेवलं होतं. (माझ्या डोक्यात ठेवलेल्या वस्तूंचं काय होतं, हे नयना सांगेल.) नॉब 'पूर्ण' या खुणेवर ठेवून बासरी लावली. काय गोड वाजली! पूर्णवर एवढी गोड, तर खाली काय अमृतच असेल, असं मनाशी म्हणतोय तोच नयनाने कोथिंबीर आणायला पिटाळलं. खाली फिरवून बघायचं राहून गेलं.

पाहुणे आले. केम छो, मजामां, झालं. इलाबेन सोफ्यावर बसल्या त्या पाठीला काठी लावल्यासारख्या. शेजारी नवनीतभाई, कडेला केयूर. नयनाचा ब्लाउज मशीन माझ्याकडे अडकल्यामुळे शिवायचा राहिला होता, त्यामुळे ती जुन्या साडीत आणि नव्या रागात होती. पंखा तेवढा बोलत होता.

अशा वेळी यजमानाने काही केलं पाहिजे.

"थोडं संगीत?" मी म्हणालो.

"नको!" नयना आणि अवंती एका सुरात म्हणाल्या.

"अगदी धीमुं," मी इलाबेनना वचन दिलं आणि बासरी सुरू केली. पूर्णवर होती, जरा मोठीच वाजली. इलाबेननी कपाळाला हात लावला.

"धीमुं करो ने," त्या म्हणाल्या.

मी नॉब खाली फिरवला. बासरी खिडकीच्या काचांतून वाजू लागली.

"सदानंदभाई, धीमुं!"

मी आणखी खाली फिरवला. आता ती बासरी राहिली नव्हती. आमच्या कारखान्यात शिफ्ट सुटल्याचा भोंगा होतो, तसं काहीतरी झालं होतं.

शहाण्या माणसाने उलटं फिरवून पाहिलं असतं. मी विचार केला: कमी होत नाही, याचा अर्थ आपण पुरेसं कमी केलेलं नाही! आणि नॉब तळाला नेला.

पुढचं मी ऐकलेलं नाही, फक्त पाहिलेलं आहे. श्रीखंडाच्या वाट्या टेबलावरून आपण होऊन चालू लागल्या. नवनीतभाईंचा चष्मा नाकावरून ओठांवर आला. अवंती काहीतरी ओरडत होती. ओठांवरून ते 'बाबा' वाटलं, पण पुढचा शब्द तेवढा आदराचा नव्हता. प्लगची जागा सोफ्याच्या मागे आणि सोफ्यावर पाहुणे. मी इलाबेनच्या मागे हात घालू लागलो, तशा त्या दचकून नवनीतभाईंच्या मांडीवर सरकल्या. केयूर सोफा ओढायला लागला. तो आईवडिलांसकट ओढणं कुणालाच जमलं नसतं. इलाबेन नवऱ्याच्या कानाला तोंड लावून जिवाच्या आकांताने काहीतरी सांगत होत्या, आणि ते "हें? हें?" करत होते.

शेवटी नयना उठली, दारामागच्या बोर्डापाशी गेली आणि तिने घराचा मेन स्विच खाली पाडला.

सगळं एकदम बंद. पंखा, फ्रिज, भोंगा, सगळं. आणि त्या गाढ शांततेत इलाबेनचं वाक्य, सुरू झालं होतं त्याच पट्टीत, सबंध घरात घुमलं:

"छोकरी तो मने बहु गमी गई छे, पण बाप साव गांडो छे!"

गुजराती न येणाऱ्यालाही कळावं इतकं ते स्पष्ट होतं. मुलगी फार आवडली. बाप ठार वेडा आहे.

कुणी हलेना. इलाबेन नवऱ्याच्या मांडीवर, हात तोंडावर. अवंतीचे डोळे भरून आले होते. माझे कान तापले. पोरीचं जमत आलेलं मी एका नॉबने मोडलं होतं.

तेव्हा नयना बोर्डापासूनच शांतपणे म्हणाली, "इलाबेन, बाप आम्ही सांभाळू. तुम्ही फक्त छोकरी घेऊन जा."

आधी नवनीतभाईंना हसू फुटलं. मग इलाबेनना. त्या हसताना मांडीवरून घसरल्या, तर खाली बसूनच हसत राहिल्या आणि अवंतीला ओढून त्यांनी शेजारी बसवलं. तेवढ्यात दारात प्रतापराव, हातात वाळूची बादली. "फुटला ना? तेल कुठपर्यंत आलंय?" त्यांनाही श्रीखंडाची वाटी द्यावी लागली.

केयूर इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्याने खोकं उघडून एकदाच आत डोकावलं. "अंकल, दोन्ही वायर उलट्या लागल्यात. म्हणून खाली फिरवलं की आवाज चढत होता. बे मिनिट." माझं सोल्डरिंग आयर्न घेऊन तो खाली बसला. नयनाने मेन स्विच वर केला. मी नवनीतभाईंच्या शेजारी डोळे मिटून वाट पाहू लागलो.

आणि बासरी आली. हळू, मऊ, जणू पलीकडच्या खोलीत कुणी वाजवत असावं अशी. माझ्या अंगावर काटा आला.

"ऐकताय ना?" मी डोळे न उघडता म्हणालो. "फुंकर ऐका. बोट उचलल्याचंसुद्धा कळतंय! एक कण जळालेला नाही. हे मोबाइलवर जन्मात ऐकू येणार नाही, नवनीतभाई. याला ट्रान्सफॉर्मरच लागतो."

"साची वात छे," नवनीतभाईंनी भारावून दुजोरा दिला.

मला कुणीतरी खुसखुसल्यासारखं वाटलं. मी डोळे उघडले. केयूर जमिनीवरच बसला होता, दोन्ही लाल तारा अजून त्याच्या दोन हातांतच. टेबलावर श्रीखंडाचं रिकामं पातेलं होतं, आणि त्यात उभा केलेला इलाबेनचा मोबाइल वाजत होता.

"अजून जरा हळू हवंय?" नयनाने मला विचारलं, आणि पातेल्यावर अर्धं झाकण ठेवलं.