हंबीररावांचा डिस्चार्ज

रुग्णांना ताजी भाजी मिळावी म्हणून आमच्या रुग्णालयात एक्स-रे विभागामागे परसबाग सुरू करण्यात आली. परिपत्रकात दोन अटी होत्या: बाग रुग्णांनीच कसावी आणि भाजी रुग्णांसाठी असावी. मी बागेचा समन्वयक, म्हणजे कारकून. पहिले तीन महिने दोन्ही अटी कागदोपत्री पूर्ण होत होत्या. वाफ्यात एक पाटी होती आणि पाटीखाली मेथी मरून पडली होती.

अशात गगनबावड्याकडचे हंबीरराव पायात काटा मोडल्याचं निमित्त होऊन दाखल झाले. आठवड्यात सूज उतरली, पण जखम भरायला महिना लागणार होता. एका सकाळी ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ही मेथी कुणी लावलीया? काय वाईट केलं हुतं तिनं त्याचं?" आणि लंगडत खाली उतरले.

महिन्याभरात मेथी, कोथिंबीर, मुळा सगळं तरारून आलं, वांग्याची रोपंही धरली. मात्र ते स्वयंपाकघरात नेता येईना. तिथला भाजीचा ठेका दुसऱ्याकडे होता आणि निविदेशिवाय रुग्णाच्या पोटात काही घालणं नियमबाह्य ठरतं. नासाडी टाळण्यासाठी मेथी अधीक्षकांच्या बंगल्यावर, मुळे बाकीच्या डॉक्टरांकडे, कोथिंबीर माझ्याकडे आणि उरलेलं संध्याकाळी पाचला रुग्णांना बघायला येणाऱ्या मंडळींना, अशी वाटणी ठरली. रुग्णांना ठेकेदाराचा दुधी चालू राहिला.

"आजाऱ्यास्नी कवा देणार?" हंबीररावांनी विचारलं.

"प्रस्ताव गेलाय," मी म्हणालो. तो माझ्या टेबलावरून माझ्याच ड्रॉवरपर्यंत गेला होता.

जखम भरली. हंबीरराव पिशवी भरून अधीक्षक डॉक्टर धैर्यशील यांच्यापुढे उभे राहिले. "म्हस व्यायला आलीया. माझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाय. घरात बायकू, अंबूबाई, एकटी हाय. सोडा मला."

डॉक्टरांनी आधी बागेकडे पाहिलं, मग केसपेपरकडे. पुढच्या आठवड्यात पाहणी समिती यायची होती.

"बीपी किती?"

"नॉर्मल," सिस्टर म्हणाल्या.

"अडुसष्टाव्या वर्षी नॉर्मल? हे बरं लक्षण नाही. निरीक्षणाखाली ठेवा."

"आवो डाक्टर, बरा झालो म्हणून डांबून ठेवतासा व्हय?" हंबीरराव कडाडले. बीपी पुन्हा मोजलं. ते वाढलं होतं. डॉक्टरांनी उपचार लिहून दिला: खुरपणी, दोन तास, सकाळ-संध्याकाळ, जेवणापूर्वी. त्यांना बाहेर सोडू नये, अशी लेखी सूचना गेटवरच्या वॉचमनला गेली.

समितीनं बागेला पहिला क्रमांक दिला आणि हाच दर्जा वर्षभर टिकवावा, असा शेरा मारला. त्यामुळे निरीक्षणाचा काळ वर्षभराचा करावा लागला.

मग अंबूबाई एसटीनं आल्या. "माणूस धडधाकट हाय, मग सोडत का न्हाईसा? म्हस दावणीला वरडतीया!"

डॉक्टर कनवाळू होते. ते म्हणाले, "म्हैस इथंच आणा. खताचाही प्रश्न सुटेल." चंद्री म्हैस टेम्पोतून आली. तिचा केसपेपर मीच काढला. तक्रार: पोट मोठे. ती एक्स-रे विभागामागे सुखरूप व्याली. खरवस कर्मचाऱ्यांत वाटण्यात आला, वॉर्डात नुसता वेलदोड्याचा वास गेला. अंबूबाईंची नोंद 'रुग्णाची नातेवाईक' अशी झाली आणि धार काढायचं काम त्यांच्याकडे आलं.

चार महिन्यांनी एका दुपारी हंबीरराव माझ्या टेबलाशी येऊन बसले. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला नाही. "साहेब, घराला कुलूप हाय. आमच्या घराला कुलूप म्हाईत न्हवतं कवा. मला तुमचं बक्षीस नको, काय नको. मला माझ्या घरला जायाचं हाय."

मला खरंच वाईट वाटलं. त्या दिवशी मी कोथिंबीर एक जुडी कमी नेली आणि फाईल वर पाठवली. बाग सार्वजनिक असल्यानं निर्णय एकट्या डॉक्टरांना घेता येईना. म्हणून जनतेचं मत मागवायचं ठरलं. पाचच्या भाजीच्या रांगेत टेबल मांडून नोंदवही ठेवली. वर ठळक अक्षरांत प्रश्न होता: हंबीररावांना घरी सोडावे काय?

आठवड्यात दोनशे चौदा मतं पडली. 'सोडावे' अशी दोन. ती हंबीरराव आणि अंबूबाईंची निघाली, हितसंबंध असल्यानं बाद झाली. बाकीच्यांचं एकमत होतं. कुणी लिहिलं होतं, "बाग नाद खुळा! माणूस सोडू नका." कुणी लिहिलं होतं, "या वयात इथे काळजी तरी घेतली जाते." ताकाचीही मागणी होती.

मी सगळं वाचून दाखवलं. हंबीररावांनी विचारलं, "कोण म्हणायची ही माणसं? मी काय केलं हुतं त्यांचं?"

"आपलीच माणसं. पेशंटला बघायला येणारी."

त्यांनी खुरपं उचललं आणि खाली गेले.

नोंदवही माझ्यासमोरच आहे. सतराव्या पानावर तुमची सही आहे. रांग पुढे सरकत होती, तुम्ही घाईत होता, प्रश्न वाचायचा राहून गेला असेल, असं मी डॉक्टरांना सांगणारही होतो. पण सहीखाली तुम्ही सवडीनं, सुवाच्य अक्षरांत लिहिलंय: "सोडू नये. वांगी थोडी कोवळी असताना तोडायला सांगावे."